सांगलीतील एका लग्नाच्या अल्बमचे प्रकरण

माझ्या पुतणीचे लग्न वैशाखात सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या एका मंगल कार्यालयात झाले, आणि त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात फोटो-शूटिंगच्या राहिलेल्या २५,००० रुपयांवरून माझे थोरले बंधू आणि मिरजेचे छायाचित्रकार यांच्यातले बोलणे बंद झाले. ऑर्डर एकूण ८५,००० रुपयांची होती. साखरपुड्याला २०,००० आणि हळदीच्या दिवशी ४०,००० दिले होते. बंधूंचे म्हणणे एवढेच होते, की अंतरपाट दूर झाला त्या क्षणाचा एकही धड फोटो नसेल, तर उरलेले पैसे कशाचे द्यायचे? छायाचित्रकारांचे उत्तरही तेवढेच छोटे होते: तुमच्याच पाहुण्यांनी मला तो काढू दिला नाही.

लग्नाच्या हिशेबाची वही माझ्याकडे असल्यामुळे दोघांनीही हा विषय माझ्यावर सोपवला. मी एक अख्खी दुपार स्टुडिओत बसून मूळ फोटो पाहिले, पाहुण्यांकडून त्यांचे फोटो मागवले, ज्यांना विचारायचे त्यांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडतो आहे. नावे मुद्दाम गाळली आहेत, नात्यांवरून माणसे कळतील.

मुहूर्ताच्या वेळी काय झाले

मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांचा होता. मंडळी सुमारे ८०० असावीत. वरपक्ष कोरेगावचा, आम्ही तासगावचे. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मंगलाष्टकांच्या आधी मान्यवरांची आशीर्वादपर भाषणे झाली. ती चार होती, आणि चौथ्या वक्त्यांनी माईक खाली ठेवला तेव्हा घड्याळात १२ वाजून ३३ मिनिटे झाली होती. त्यामुळे नवरीला मामांनी आणणे, अंतरपाट धरणे आणि अक्षता वाटणे ही तिन्ही कामे एकाच झटापटीत उरकली गेली, आणि त्या घाईत स्टेजवर कोणी असावे आणि कोणी नसावे हे पाहायला कोणीच मोकळे राहिले नाही.

छायाचित्रकारांनी आपली जागा आदल्या दिवशीच ठरवून ठेवली होती. अंतरपाटाच्या बाजूने, स्टेजच्या डाव्या कोपऱ्यातून, वधू आणि वर यांचे चेहरे एकाच चौकटीत समोरासमोर येतात, आणि मधले वस्त्र खाली सरकले की दोघांची पहिली नजर एकाच फोटोत सापडते. व्हिडिओवाला मधल्या वाटेत स्टँड लावून होता, एक मुलगा दिवा धरून होता. कँडिड, म्हणजे पोझ न देता नकळत टिपलेल्या, फोटोंसाठी आणखी एक माणूस देतो, त्याचे २०,००० जास्त पडतील, असे त्यांनी सुचवले होते. तो खर्च नको असे मीच म्हटले होते, हेही इथे नोंदवणे भाग आहे.

पहिले मंगलाष्टक सुरू झाले तेव्हा त्या डाव्या कोपऱ्यात नवरदेवाचे सात-आठ मित्र, दोन चुलत बहिणी आणि वराचे दाजी उभे होते. प्रत्येकाचा हात खांद्याच्या वर, आणि हातात मोबाईल. छायाचित्रकारांनी आधी हळू आवाजात, मग जरा मोठ्याने सांगून पाहिले: "ओ दादा, मोबाईल जरा खाली घ्या." "ताई, एक पाऊल मागं." दाजी मागे न वळताच म्हणाले, "लग्न आमचं आहे, तुमचं नाही." मी तीन हातांवर उभा होतो. मी ते ऐकले आणि गप्प राहिलो, कारण वरपक्षाच्या माणसाला, त्यातही जावयाच्या मानाच्या माणसाला, वधूपक्षाने भर स्टेजवर टोकायचे नसते. या प्रकरणातला माझा सगळा निष्कर्ष त्या अर्ध्या मिनिटातून निघालेला आहे. छायाचित्रकाराला पाहुण्यांवर कोणताही अधिकार नसतो. ज्याला असतो, तो त्या क्षणी रीतीने बांधलेला असतो. म्हणून पाहुण्यांनी फोटो काढावेत की नाही, हे स्टेजवर ठरवता येत नाही. ते दोन्ही घरांनी याद्या करतानाच ठरवावे लागते.

मूळ फोटो पाहताना

शेवटच्या ‘शुभमंगल सावधान’पासून हार घालेपर्यंत छायाचित्रकारांनी ४६ वेळा कळ दाबली होती. ३१ फोटोंत कोणाचा तरी हात, कोपर किंवा मोबाईल वधूवरांच्या आडवा आलेला होता. नऊ फोटोंत चौकट मोकळी होती, पण नवरा भलतीकडे पाहत होता, कारण उजवीकडून कोणीतरी मित्र त्याला हाक मारत होता आणि डावीकडून "वहिनी, इकडे बघा" चालले होते. फोटोसाठी एकाच वेळी चार दिशांनी हाका आल्या, की माणसाची नजर कोणत्याच दिशेला नीट पोहोचत नाही.

चार फोटो पाहताना मी आधी गोंधळलो. वधू धूसर, वर धूसर, आणि समोर एका मोबाईलच्या पडद्यावर नखाएवढी नवरी मात्र मुंडावळ्यांच्या मोत्यांसकट लख्ख दिसत होती. छायाचित्रकारांनी उलगडा केला. आताचे कॅमेरे चेहरा आणि डोळे शोधून त्यावर आपोआप फोकस करतात, आणि कॅमेऱ्याला पडद्यावरचा चेहरा आणि खरा चेहरा यांतला फरक कळत नाही; जो जवळ आणि मोठा वाटला त्यावर तो जाऊन बसतो. आमच्या लग्नाच्या सर्वांत महागड्या क्षणी ३ लाखांच्या कॅमेऱ्याने कोणाच्या तरी मोबाईलचा फोटो काढला होता.

राहिले दोन. त्यांत नवरी दिसते, नवरदेव दिसतो, करवलीच्या हातातला करा दिसतो, हवेत थांबलेल्या अक्षताही दिसतात. पण नवरीच्या पाठीशी उभे असलेले तिचे मामा दिसत नाहीत. त्यांचा कोट दिसतो, फेटा दिसतो, आणि चेहऱ्याच्या जागी काळ्या कव्हरचा मोबाईल दिसतो. भाचीच्या खांद्यावरून हात पुढे काढून ते व्हिडिओ घेत होते.

प्रकाशाची तक्रार वेगळी आणि जरा तांत्रिक होती. वराच्या एका चुलतभावाने स्वतःचा डीएसएलआर कॅमेरा आणला होता आणि तो त्यातला छोटा फ्लॅश उघडून सतत फोटो काढत होता. छायाचित्रकारांचा बाजूचा मोठा फ्लॅश त्या दिवशी ‘स्लेव्ह’ पद्धतीवर, म्हणजे दुसरा फ्लॅश चमकला की आपोआप चमकेल असा लावलेला होता. परिणाम असा झाला, की चुलतभाऊ कळ दाबेल तेव्हा आमचा फ्लॅश उडे, आणि छायाचित्रकार कळ दाबतील तेव्हा तो पुन्हा भरण्याच्या खटपटीत असे. व्हिडिओतही त्याचे डाग पडले: व्हिडिओ कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतो, फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरताच टिकतो, त्यामुळे अर्धी चौकट पांढरी आणि अर्धी जशीच्या तशी, असे पट्टे उमटतात. मोबाईलच्या एलईडी दिव्याने असे पट्टे येत नाहीत, कारण तो उजेड लांबतो. त्याने फक्त चेहऱ्याचा रंग बदलतो. मात्र या बाबतीत दोष पाहुण्याचा जितका, तितकाच छायाचित्रकारांचाही मानावा लागेल. रेडिओ लहरींवर चालणारा ट्रिगर, म्हणजे फ्लॅश उडवणारे यंत्र, लावला असता तर दुसऱ्या कोणाच्या फ्लॅशशी त्याचा संबंध आला नसता. त्यांच्याकडे तो होता, पण त्या आठवड्यात बिघडला होता आणि सलग तारखांमुळे दुरुस्तीला दिलेला नव्हता, हे त्यांनी आढेवेढे न घेता सांगितले.

फोटोंपलीकडचे दोन परिणाम

अक्षता टाकतानाचा मांडवाचा एक रुंद फोटो आहे. तो मी मोठा करून बराच वेळ पाहिला. पुढच्या चार रांगांत बहुतेकांच्या उजव्या हातात मोबाईल आहे आणि अक्षता डाव्या हाताने पडत आहेत. माझ्या चुलतीने हा फोटो पाहिल्यावर "आशीर्वाद डाव्या हातानं दिला व्हय?" एवढेच विचारले आणि चष्मा काढून ठेवला. शिवाय या फोटोत माणसे आहेत पण चेहरे नाहीत. लग्नाला आलेला पाहुणा हा नुसता पाहणारा नसतो, फोटोत दिसणाराही असतो. वीस वर्षांनी अल्बम उघडला जातो तो नवरानवरीपेक्षा त्यांच्या भोवतीच्या माणसांसाठी जास्त, आणि ही माणसे आमच्या अल्बमात मोबाईलच्या आड गेली.

दुसरा परिणाम वेळेचा. शुभेच्छांची रांग लागली तेव्हा प्रत्येक कुटुंबाचा एक फोटो छायाचित्रकार काढत, आणि मग "आमच्या मोबाईलवर पण एक घ्या की" म्हणून मोबाईल पुढे होई. तो उघडणे, माणसांनी पुन्हा ओळीत उभे राहणे, फोटो पाहून "अजून एक" म्हणणे, याला दर वेळी १५ ते २० सेकंद गेले. स्टेजवर सुमारे १५० गट आले. हिशेब माझा धंदाच असल्यामुळे करून पाहिला: १८ सेकंद धरले तरी पाऊण तास होतो. पहाटेपासून उपाशी असलेली मुलगी जेवायला बसली तेव्हा पावणेचार झाले होते आणि जिलेबी संपली होती.

पाहुण्यांचे फोटो

इतके ऐकल्यावर मोबाईल दाराशीच जमा करून घ्यायला हवे होते असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. मग आम्ही दोन्हीकडच्या मंडळींना एक लिंक पाठवून त्यांचे फोटो मागवले, आणि माझे मत डळमळले.

छायाचित्रकार स्टेजला बांधलेले असताना इकडे काय काय घडत होते, ते या फोटोंत होते. रुखवतावरचा साखरेचा गणपती मांडताना दोन मावश्यांची झालेली वादावादी होती. पंगतीत वाढताना बंधूंचे जुने शाळासोबती होते. नवरीच्या आत्याने स्वतः रचलेले, दोन्ही घरांची नावे गुंफलेले मंगलाष्टक म्हणण्याआधी कागद हातात धरून भिंतीकडे तोंड करून केलेली तालीम होती. ऑर्डर पाठवणीपर्यंतचीच असल्यामुळे, त्यानंतर नवे जोडपे कृष्णाकाठच्या गणपतीच्या दर्शनाला गेले तेव्हाचे सगळे फोटो धाकट्या भावाच्या मोबाईलवरचे आहेत, आणि ते उत्तम आहेत. उघड्यावरच्या संध्याकाळच्या उजेडात मोबाईल कमी पडत नाही. तो कमी पडला स्टेजवर: मागे एलईडी वॉल झगमगत असल्यामुळे मोबाईलने प्रकाश त्या भिंतीवरून मोजला आणि पुढचे चेहरे काळवंडले.

आणि मामांचा व्हिडिओ. तो आधी व्हॉट्सअॅपवरून आला तेव्हा मऊ भातासारखा दिसत होता, कारण तिथे पाठवताना फाइल दाबून लहान केली जाते. मूळ फाइल केबलने उतरवून घेतली आणि स्टुडिओतल्या पडद्यावर लावली. नवरीच्या कानाची कुडी, अंतरपाटावरचे कुंकवाचे स्वस्तिक, मग वस्त्र खाली, आणि समोर जावयाचा चेहरा: आधी भुवया वर, मग ओठ घट्ट मिटलेले, मग हसू. कोपऱ्यातून हे कधीच दिसले नसते. कँडिडवाला घेतला असता तरी त्या जागी, मामांच्या जागी, त्याला उभे राहता आले नसते. छायाचित्रकार म्हणाले, "काका, हा फोटो मला जन्मात मिळाला नसता."

मामांना मी विचारले, की शेवटचे मंगलाष्टक कोणी म्हटले? त्यांना सांगता आले नाही. ते त्यांच्या सख्ख्या मेहुण्याच्या बहिणीने, म्हणजे त्याच आत्याने म्हटले होते, आणि ते त्यांच्याच व्हिडिओत ऐकू येते. लिंडा हेन्केल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, संग्रहालयातल्या ज्या वस्तूंचे फोटो काढले त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा कमी आठवल्या होत्या. मात्र वस्तूच्या एखाद्याच भागावर झूम करून फोटो काढला तर ही घट दिसली नव्हती. मामांचे तसेच झाले असावे. जावयाच्या भुवया त्यांना पक्क्या आठवतात, बाकीचा मांडव आठवत नाही.

हक्काचा प्रश्न

मध्येच एक फाटा फुटला. पाठवणीच्या वेळचा, नवरी रडतानाचा फोटो कोणीतरी त्याच संध्याकाळी स्टेटसला लावला आणि तो पुतणीच्या सासरी तिच्या आधी पोहोचला. वहिनींना ते फार लागले. दुसरीकडे, छायाचित्रकारांनी मोठ्या मेहनतीने उभ्या केलेल्या पोझचा फोटो एका पाहुण्याने त्यांच्या खांद्यामागून काढला, आणि तो आपल्या मेहनतीची चोरी आहे असे त्यांना वाटत होते. कायद्याने चित्र असे आहे: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हा त्याचा कर्ता; मात्र कोणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिली मालकी काढून घेणाऱ्याची, असे कलम १७ सांगते. म्हणजे मिरजेच्या छायाचित्रकारांनी काढलेल्या फोटोंचे मालक आम्ही, आणि पाहुण्याने स्वतःच्या मोबाईलवर काढलेल्या फोटोचा मालक तो पाहुणा. आमच्या ऑर्डरच्या पावतीवर तारीख, रक्कम आणि अल्बमच्या पानांची संख्या यापलीकडे एक ओळ नव्हती, तेव्हा वेगळ्या कराराचा प्रश्नच नव्हता. वहिनींच्या दुखण्यावर मात्र कलम १७ चा उपयोग नाही. तो फोटो लावणाऱ्या मुलाला त्याच्या आजोबांनी फोन केला आणि स्टेटसवरून तो फोटो पाच मिनिटांत उतरला.

निवाडा

राहिलेले २५,००० पूर्ण द्यावेत, असे मी बंधूंना सांगितले. छायाचित्रकार वेळेवर आले, योग्य जागी उभे राहिले आणि त्यांनी ४६ वेळा प्रयत्न केला; ती जागा त्यांना मोकळी करून देणे हे यजमान म्हणून आपले काम होते आणि आपण ते केले नाही. ट्रिगरच्या चुकीबद्दल त्यांनी वेगळी भरपाई द्यावी असे ठरले: पाहुण्यांच्या फोटोंतले निवडक ४० त्यांनी रंग जुळवून अल्बमात बसवायचे, जादा पैसे न घेता. यात एक अडचण निघाली. मोबाईलची घड्याळे नेटवर्कवरून लागतात म्हणून एकसारखी होती, पण कॅमेऱ्याचे घड्याळ सात मिनिटे मागे होते, आणि सगळे फोटो वेळेनुसार लावले तेव्हा हार घातल्यानंतर पुन्हा अंतरपाट धरलेला दिसू लागला. ती सात मिनिटे सरकवल्यावर ओळ जुळली.

मामांचा व्हिडिओ ४के होता. त्यातल्या एका चौकटीत सुमारे ८३ लाख ठिपके असतात, आणि त्यातून १२ इंच रुंदीचा फोटो छापला तरी तो फाटत नाही, म्हणजे ठिपके सुटे दिसत नाहीत. साध्या फुल एचडीचा असता तर सहा इंचांवरच थांबावे लागले असते. जावयाचे ते हसू अल्बमाच्या मधल्या पानावर आहे. बंधूंनी पैसे दिले, पण स्वतः गेले नाहीत, माझ्या हातून पाठवले.

मार्गशीर्षातले लग्न

सात महिन्यांनी पुतण्याचे, म्हणजे त्याच नवरीच्या धाकट्या भावाचे, लग्न तासगावला झाले. छायाचित्रकार तेच. या वेळी मी याद्यांच्या बैठकीतच हा विषय काढला आणि नव्या व्याह्यांशी बोलून एवढेच ठरवले, की बंदी घालायची नाही. अंतरपाट धरल्यापासून हार पडेपर्यंत आणि सप्तपदीच्या वेळी मोबाईल खाली, बाकी दिवसभर ज्याला जे हवे ते. स्टेजखाली फुलांची एक कमान करून तिथे मोबाईलवाल्यांनी आपापसात हवे तितके फोटो काढावेत, स्टेजवर मात्र एकच कॅमेरा. डाव्या कोपऱ्यात दोन्ही घरांचा एकेक तरुण उभा केला. आमचा मुलगा आमच्या माणसांना सांगणार, त्यांचा त्यांच्या.

सूचना कोणी द्यायची यावर थोडी चर्चा झाली. निवेदकाने सांगितले तर लोक ऐकत नाहीत, छायाचित्रकाराने सांगितले तर चिडतात. शेवटी गुरुजींनीच ते अंगावर घेतले. अंतरपाट धरण्याआधी माईकवर ते म्हणाले, की मंगलाष्टकांतल्या एका जुन्या कडव्यात वाजंत्र्यांनी या घटकेला गलबला करू नये असे सांगितले आहे, तेव्हा वाजवणारे होते, आता मोबाईल आहेत. आणि अक्षता उजव्या हाताने टाकायच्या असतात, म्हणून मंडळींनी उजवा हात रिकामा ठेवावा. लोक हसले, आणि बऱ्याच जणांचे हात खाली आले. सगळ्यांचे नाही. एका पुढाऱ्यांबरोबर आलेला कार्यकर्ता शेवटपर्यंत साहेबांचे अक्षता टाकतानाचे फोटो काढत होता, आणि त्याला सांगायची छाती दोन्ही घरांत कोणाचीच झाली नाही. रांगही अपेक्षेपेक्षा लांबली, कारण कमानीपाशी गर्दी झाली आणि ती स्टेजच्या पायऱ्यांपर्यंत आली.

अंतरपाट दूर होतानाचे फोटो मात्र पहिल्या झटक्यात आले. त्यांतल्या एकात मामा भाच्याच्या पाठीशी, दोन्ही हात त्याच्या खांद्यांवर ठेवून उभे आहेत आणि उघड उघड रडत आहेत. अल्बम घरी आला तेव्हा त्यांनी ते पान बराच वेळ उघडे ठेवले. मग मला बाजूला घेऊन विचारले, की नव्या सुनेचा चेहरा त्या वेळी समोरून कसा दिसत होता, त्याचा व्हिडिओ कोणाकडे आहे का. तो कोणाकडेच नव्हता.